घंटा, बावखल आणि पतपेढी

वसईला जायची सगळ्यांत जुनी वाट पाण्यातून होती, आणि ती आता पुन्हा उघडली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदरहून वसई किल्ल्याच्या धक्क्यापर्यंत रो-रो बोट चालते. माणसं, दुचाक्या, मोटारी, एखादा टेम्पो असं सगळं पोटात घेऊन ती पंधरा-वीस मिनिटांत खाडी ओलांडते. लोकलने गेलं की वसई मागच्या दाराने दिसते: आधी नायगावची मिठागरं, मग इमारतींचे गठ्ठे, मग वसई रोडचा जिना आणि खाली रिक्षांचा कलकलाट. बोटीतून गेलं की आधी माड दिसतात, मग तटबंदी, मग झाडीतून वर आलेला एक चौकोनी मनोरा. धक्क्याजवळ कोळ्यांच्या होड्या लागलेल्या असतात. काहींच्या नाळेवर क्रूस रंगवलेला, काहींवर एकवीरा आई. शेजारी शेजारी.

मी गेलो ते नाताळच्या आधीचे आठवडे होते. इथे त्याला आगमनकाळ म्हणतात. मी ख्रिस्ती नाही, पण करोनाच्या दोन वर्षांनंतर एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नव्हता: उद्याचा भरवसा नसतो तेव्हा माणसं नेमकं कशाला धरून राहतात? पुस्तकातली उत्तरं भरपूर आहेत. मला एखादं गाव हवं होतं, ज्याने वाईट दिवस पुष्कळ पाहिलेत आणि तरी रोज सकाळी उठून वाडीला पाणी घातलंय. वसईइतकं जवळचं गाव दुसरं सुचलं नाही.

किल्ल्यात शिरताना इतिहासाची पाटी वाचावीच लागते. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं हे त्यांचं उत्तरेकडचं मुख्य ठाणं होतं. गोव्यानंतर मान वसईचा. आत कॅथेड्रल, फ्रान्सिस्कनांचं चर्च, डॉमिनिकनांचा मठ, जेसुइटांचं चर्च आणि कॉलेज. आज एकालाही धड छप्पर नाही. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवरची पोर्तुगीज अक्षरं पावसाळ्यात शेवाळाने भरतात आणि डिसेंबरात पुन्हा वाचता येऊ लागतात. रविवारी इथे लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. पडक्या कमानीखाली लाल घागरा आणि वर ड्रोन. किल्ल्याचं आजचं खरं अर्थकारण हेच असावं.

हे गाव सुखात होतं तेव्हाही सुखात नव्हतं. १६१८ साली आधी रोगाची साथ आली आणि मे महिन्यात चक्रीवादळ. होड्या बुडाल्या, हजारो माड मुळासकट उपटले गेले, मठांची आणि चर्चची छपरं उडाली. पाठोपाठ दुष्काळ. १६९५ साली जेमेल्ली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी इथे आला, तेव्हा उत्तर किनाऱ्यावरची गावं प्लेगसारख्या साथीने रिकामी झाल्याचं त्याने लिहून ठेवलं. वादळाचा भाग वाचताना मला मे २०२१ आठवला. तेव्हा किनाऱ्यावरून तौक्ते गेलं आणि वसईच्या वाड्यांत केळी आडव्या झाल्या. चारशे वर्षं मध्ये गेली, महिना तोच. वर तेव्हाही साथ चालूच होती.

जेसुइट चर्चच्या पडक्या भिंतींपाशी गोन्सालो गार्सियाची आठवण जपलेली आहे. त्याला भारताचा पहिला संत म्हणतात. त्याची गोष्ट मला आवडते, कारण ती नकारातून सुरू होते. जन्म वसईचा, १५५६-५७ च्या आसपासचा. बाप पोर्तुगीज, आई इथल्याच मातीतली. जेसुइटांच्या शाळेत शिकला आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याला उत्तम येऊ लागली, पण जेसुइट संघात प्रवेश मात्र मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला, त्यात जमही बसवला, आणि पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. धर्मगुरू तो कधीच झाला नाही. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कनांची तुकडी दुभाष्या म्हणून त्याला घेऊन पुन्हा जपानात गेली. क्योतोमध्ये त्यांनी गोरगरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं काढली. नंतर जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याची मर्जी फिरली. सव्वीस जणांना पकडलं, प्रत्येकाचा डावा कान छाटला, ऐन थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रूसावर चढवलं. त्यात आपला वसईकर होता. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सगळ्यांना संतपद दिलं. वसईत गास गावचं चर्च त्याच्या नावाचं आहे आणि वसई धर्मप्रांताचा तो आश्रयदाता संत आहे.

संतांच्या गोष्टींत रक्त फार असतं. मला अडकवून ठेवलं ते कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयाने. ज्याला एका दारातून परत पाठवलं, त्याने दुसऱ्या दाराने आत जाऊन ज्यांना कुणीच आत घेत नव्हतं त्यांची अंथरुणं घातली. पुढे वसईभर फिरताना हाच धागा मला वेगवेगळ्या वेषांत दिसत राहिला.

किल्ल्याची दुसरी गोष्ट आपल्याला शाळेत शिकवली जाते. मे १७३९, चिमाजी अप्पा, सुरुंग, पडलेला बुरूज, शरण आलेले पोर्तुगीज. ती अभिमानाने सांगावी अशीच आहे, कारण पोर्तुगीज राजवटीने इथली देवळं पाडली होती आणि लोकांवर सक्ती केली होती. उत्तरेकडच्या निर्मळ गावचं तीर्थ उद्ध्वस्त झालं होतं. मराठ्यांचे सरसुभेदार शंकराजी केशव यांनी पुढे अशा कितीतरी जागा पुन्हा उभ्या केल्या. विजयानंतर वसई भागातल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. भीमाशंकरच्या देवळासमोरची, वाईजवळ मेणवलीची, नाशिकला नारोशंकराची अशा थोरल्या घंटा आजही तिथे टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे आणि १७०७ हे साल आहे. वाईला गेलेल्या कितीतरी मराठी माणसांनी ती वाजवली असेल.

पण त्या घंटा ज्यांना उठवायच्या, त्या माणसांचं काय झालं? हा प्रश्न शाळेत कुणी विचारला नाही. युरोपीय पाद्री आणि फौज जहाजांत बसून निघून गेली. मागे राहिले देशी धर्मगुरू, शेतकरी आणि कोळी. तहात ख्रिस्ती प्रजेला धर्म पाळायची मुभा होती, पण ज्या राजवटीबरोबर त्यांचा धर्म आला ती गेली होती. पाठीशी सत्ता नाही, गावात पैसा नाही आणि शेजाऱ्याच्या मनात जुना राग. त्यांनी धर्म सोडला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. त्यांनी तो सोडला नाही आणि मराठीही सोडली नाही. माझ्या मते वसईच्या ख्रिस्ती समाजाचा खरा इतिहास १७३९ नंतर सुरू होतो. तोवर तो साम्राज्याचा धर्म होता, त्यानंतर तो वाडीतल्या माणसाचा झाला.

किल्ल्यातून बाहेर पडून रिक्षाने पापडीला आलं की हवा बदलते. पापडी म्हणजे नाका, बाजार, शाळा आणि कृपामातेचं चर्च. २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हापासून हे चर्च कॅथेड्रल आहे. पहिले बिशप थॉमस डाबरे, नंतर आर्चबिशप फेलिक्स मच्याडो. इथली मिस्सा मराठीत होते. घरी सामवेदी म्हणजे कादोडी, नाहीतर वाडवळी, नाहीतर कोळी बोली, पण वेदीसमोर सगळे मराठी. म्हाताऱ्या बायका लाल लुगड्यात, नाती जीन्समध्ये, आणि पुढच्या बाकावर एक आजोबा टोपी मांडीवर घेऊन बसलेले. प्रवचन आशेवर होतं. कॅथलिक चर्चने २०२५ हे आशेचं जयंतीवर्ष म्हणून पाळलं. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला त्याची सुरुवात केली आणि २१ एप्रिल २०२५ रोजी ते वारले. सुरू केलेलं वर्ष पुरं करायला दुसरा माणूस यावा लागला. फादरांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं आणि लगेच पुढच्या रविवारच्या रक्तदानाची सूचना वाचून दाखवली.

चर्चपासून जवळच बॅसीन कॅथलिक बँकेची इमारत आहे. पर्यटक तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मी पाहत उभा राहिलो, कारण माझ्या दृष्टीने वसईतलं सर्वांत महत्त्वाचं धार्मिक स्मारक तेच आहे. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी इथे ख्रिस्ती शेतकऱ्यांसाठी सहकारी पतपेढी काढली. ते साल आठवून पाहा. पहिलं महायुद्ध चालू, महागाई कडाडलेली, आणि त्याच उन्हाळ्यात मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा देशात शिरला. वर्ष संपेपर्यंत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं गेली. अशा वेळी धर्मगुरूने काय करावं? प्रार्थना करावी, आजाऱ्यांना भेटावं, मेलेल्यांना पुरावं. हे सगळं त्या काळच्या पाद्र्यांनी केलंच असणार. पण वाडीवाल्याचा खरा वैरी साथीच्या आधीही होता आणि नंतरही उरणार होता. तो म्हणजे सावकार. बी घ्यायला कर्ज, बैल मेला तर कर्ज, विहिरीला कर्ज, मुलीच्या लग्नाला कर्ज, आणि शेवटी वाडी गहाण.

पतपेढीच्या कल्पनेचं मूळ शोधत गेलं तर ते जर्मनीतल्या एका उपाशी हिवाळ्यापाशी पोचतं. १८४६-४७ साली पीक बुडालं, तेव्हा वायरबुश नावाच्या खेड्याचा तरुण महापौर फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझेन याने धान्य मिळवलं. ते फक्त रोख देणाऱ्यांना विकण्याचा हुकूम मोडून त्याने गरिबांना उधारीवर दिलं. मग गावकऱ्यांची वर्गणी काढून भट्टी बांधली आणि स्वस्तात पाव भाजला. तो श्रद्धाळू प्रॉटेस्टंट होता आणि शेजाऱ्यावरच्या प्रेमाची आज्ञा त्याने शब्दशः घेतली होती. पण नुसत्या दानाने माणूस पायावर उभा राहत नाही हे त्याला लवकरच कळलं. म्हणून त्याने शेतकऱ्यांच्या पतसंस्था काढल्या: सगळे एकमेकांना जामीन, सगळे एकमेकांना ओळखणारे. मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ मध्ये अहवाल लिहिला, त्यात हीच पद्धत हिंदुस्थानात आणा असा धोशा होता. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि चौदा वर्षांनी पापडीच्या एका कॅथलिक धर्मगुरूने एका जर्मन प्रॉटेस्टंटाची युक्ती वसईच्या केळीवाल्यांना लावून दिली. पंथांच्या भांडणात हा हिशोब कुणी मांडत नाही.

आज मोनीस यांची ती पतपेढी शेड्यूल्ड बँक आहे. आत वातानुकूलन, टोकन, भिंतीवर व्याजाचे दर. माझ्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या बाईंच्या हातात पासबुक होतं आणि पिशवीत चाफ्याच्या फुलांची पुडी. मी विचारलं, “मावशी, खातं जुनं?” त्या म्हणाल्या, “सासऱ्यांपासनं. सासरे म्हणायचे, चर्चमध्ये गुडघे टेका नि इथे अंगठा.” सासरे विनोदी असावेत. पण दयेला इथे खतावणी आहे, शिल्लक आहे, थकबाकीदारांची यादी आहे, म्हणून ती शंभर वर्षांहून जास्त टिकली. भावनेच्या भरात केलेली दया बहुतेक पुढच्या पावसाळ्यापर्यंतच पुरते.

पापडीहून उत्तरेला जाणारा रस्ता गिरीज, सांडोर, भुईगाव, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी असा अर्नाळ्यापर्यंत जातो. बस मिळते, शेअर रिक्षाही मिळते, पण जमलं तर तुकड्यातुकड्याने चालावं. रस्त्याच्या दोन्ही हातांना वाड्या: केळी, पानवेली, माड, मोगरा, भाजी. वळणावळणावर पांढरा क्रूस, त्यावर झेंडूची माळ, पुढे मेणबत्तीचं ओघळलेलं मेण. मुंबईत वांद्रे-माहीमकडचे कितीतरी क्रूस १८९६ नंतरच्या प्लेगमध्ये उभे राहिले. साथ आपल्या गल्लीत शिरू नये म्हणून लोकांनी सीमेवर क्रूस रोवले. वसईत मे महिन्यात संध्याकाळी अशा क्रूसांपाशी गल्ली जमते, मरियेची प्रार्थना होते आणि नंतर पोरांना खाऊ मिळतो.

वाड्यांच्या मधोमध खोलगट तळी दिसतात. त्यांना बावखल म्हणतात. पावसाचं पाणी साठवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि उन्हाळ्यात त्याच ओलीवर वाडी जगवायची, अशी ही जुनी व्यवस्था. समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड राहत, त्यात बावखलांचा मोठा वाटा. जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर भरलेला असला की तो खाऱ्या पाण्याला पलीकडे रेटून धरतो. वरून उपसा वाढला की समुद्र आत सरकतो, आणि एकदा खारं झालेलं पाणी सहजी गोडं होत नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस हेच घडू लागलं. मुंबई फुगून वसईत आली होती, नव्या इमारतींना पाणी नव्हतं, आणि वाड्यांतल्या विहिरींवर मोटारी लावून टँकर भरले जात होते. त्यात जमिनींचे व्यवहार, बिल्डर, गुंडगिरी. बोलायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोकांना रस्त्यावर आणलं. ख्रिस्ती आले, हिंदूही आले, कारण विहीर खारी होताना कुणाचा धर्म बघत नव्हती. एका धर्मगुरूने मोर्चाच्या पुढे चालावं का, यावर चर्चमध्येही कुरबूर झालीच. दिब्रिटोंनी त्याला आपल्या लेखणीने उत्तर दिलं. ‘सुवार्ता’ मासिकाचं त्यांनी वर्षानुवर्षं संपादन केलं, बायबल आजच्या मराठीत आणलं, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवडीला विरोध झाला, धमक्याही आल्या. तब्येत साथ देत नव्हती, तरी ते गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं. नंदाखाल त्यांचं गाव.

दिब्रिटोंबद्दल वसईत सगळे एका सुरात बोलतात असं नाही. एका वाडीवाल्या काकांनी मला बसवून चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं, “फादर होते म्हणून वाचलं तेवढं वाचलं. पण आमच्याच लोकांनी जमिनी विकल्या, ते पण लिहा.” लिहितो. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि कित्येक गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. गावं त्यात नकोत म्हणून पुन्हा मोठं आंदोलन झालं. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती, आणि आज रस्त्यावर चालताना तो आकडा फार जुना वाटतो. कितीतरी बावखलं भराव घालून बुजवली गेली. अलीकडे तरुणांनी काही पुन्हा उपसायला घेतली आहेत. काकांच्या वाडीमागे असंच एक होतं, कमळांनी भरलेलं, काठाला खंड्या बसलेला. तळ्याशेजारी त्यांच्या आजोबांच्या वेळचा क्रूस. “करोनात गाड्या बंद,” ते म्हणाले, “फुलं दादरला जायची कशी? भाजी जायची कशी? मग जुड्या बांधल्या नि नाक्यावर ठेवल्या. लागेल त्यानं न्याव्या.” कुणी नेल्या? “आम्हाला काय ठाऊक. संध्याकाळी पाटी रिकामी असायची.”

त्या वर्षी, २०२० मध्ये, पाम संडे ५ एप्रिलला होता, गुड फ्रायडे १० ला, ईस्टर १२ ला, आणि चर्चना कुलूप. झावळ्यांची मिरवणूक नाही, क्रूसाची वाट नाही. लोकांनी मोबाइलवर मिस्सा पाहिली. एका ओळखीच्या शिक्षिकेने सांगितलं की मोबाइलसमोर गुडघे टेकायचे की बसून राहायचं यावर घरात वाद झाला. शेवटी आजी गुडघ्यांवर बसली, मग सगळेच बसले. चर्च उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. पुढची लाट आणखी वाईट होती. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारमध्ये एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि करोनाचे रुग्ण गेले. त्याबद्दल इथे अजून खालच्या आवाजात बोलतात. मी फार खोदलं नाही.

निर्मळला थांबायलाच हवं. तळ्याच्या काठी शंकराचार्यांचं मंदिर, आणि जवळच पवित्र क्रूसाचं चर्च. कार्तिक वद्य एकादशीला इथे यात्रा भरते आणि कित्येक दिवस चालते. पाळणे, खेळणी, भांडी, सुकी मासळी, खाजं. यात्रेला ख्रिस्ती घरंही येतात, खरेदी करतात, पाहुण्यांना जेवू घालतात. ज्या तीर्थासाठी एकेकाळी एवढं घडलं, त्याच्या काठी हा बाजार असा खुशाल भरतो याचं मला कौतुक वाटलं. दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांना जुन्या गोष्टी माहीत आहेत, पण भाव करताना कुणी त्या काढत नाही.

आगाशीला सुकेळी घेतली. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात दिवसचे दिवस वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधतात. किंमत चढी आहे, कारण मेहनत फार आणि राजेळीच्या बागा कमी. डिसेंबरात मिळणं तसं नशिबाचं, ऊन चढलं की माल जास्त येतो.

इथवरची वसई जुनी, जमीनदार म्हणावी अशी. चारशे वर्षांचा धर्म, पायाखाली स्वतःची वाडी. अशा माणसाला आशा ठेवणं सोपं असेल, अशी शंका मला सारखी येत होती. म्हणून परतताना नालासोपाऱ्याला उतरून पुलाने पूर्वेला गेलो. इथे वाडी नाही, चाळी आहेत, आणि जुलैत पाणी भरतं. जुलै २०१८ मध्ये रूळ बुडून लोकल बंद पडल्या होत्या आणि वसईच्या मिठागरातली शेकडो माणसं पाण्यात अडकली होती. उत्तर प्रदेश, बिहार, तामिळनाडू, केरळ, कोकण सगळीकडची माणसं इथे भाड्याने राहतात. ख्रिस्तीही तसेच. मिस्सा हिंदीत, तमिळमध्ये, मल्याळममध्ये. केरळच्या सिरो-मलबार पंथाची वेगळी चर्च आहेत. स्वतंत्र प्रार्थनासंघ तर दुकानाच्या गाळ्यात भरतात. एका बाजूला हार्डवेअर, दुसऱ्या बाजूला क्लासेस, मध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आणि गिटार. जुन्या वसईकराला हे चर्च वाटतच नाही, असं त्यांच्यापैकी एकाने मला नाक मुरडून सांगितलं. मला ते पटलं नाही. १७३९ नंतरच्या वसईकरापाशी तरी दुसरं काय होतं?

तिथल्याच एका धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, मला व्हिन्सेंट डी पॉल संघाचे एक निवृत्त कार्यकर्ते भेटले. हा संघ १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर सुरू केला. आदल्याच वर्षी त्या शहरात कॉलऱ्याने हजारो माणसं मेली होती. तुमचा धर्म आज गरिबांसाठी करतो तरी काय, असं वर्गमित्रांनी टोचल्यावर तो उठला आणि जळाऊ लाकडं घेऊन एका गरीब घरी गेला, असं सांगतात. पद्धत अजून तीच आहे: दोघांनी मिळून घरी जायचं, बसायचं, ऐकायचं आणि मग काय लागतं ते बघायचं. त्या कार्यकर्त्यांच्या पिशवीत शाळकरी वही होती. घरांची नावं नाहीत, फक्त खोली नंबर आणि गरज: रेशन, औषध, फी, भाडं. “नाव लिहिलं की लाज वाटते लोकांना,” ते म्हणाले. मी विचारलं, यातली ख्रिस्ती घरं किती? त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. “ते कुठल्या रकान्यात लिहू?” मग स्वतःच हसले आणि म्हणाले की फीचा रकाना सध्या सगळ्यांत लांब आहे, तुमच्या ओळखीत कुणी देणारं असेल तर सांगा. मी दोन नावं दिली. त्यांनी तीही नंबर घालून लिहून घेतली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: चर्चगेटहून वसई रोडला जलद लोकलने सव्वा तासाच्या आसपास लागतो. विरार लोकल १८६७ च्या एप्रिलपासून धावते आहे आणि बहुधा तेव्हापासूनच तिला गर्दी आहे. किल्ल्याला सकाळी जा, उत्तरेच्या वाड्या दुपारनंतर. चर्चमध्ये कुणीही बसू शकतं, फक्त मिस्सा चालू असताना फोटो काढू नका. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गावोगाव गव्हाणी आणि चांदण्या बघण्यासारख्या असतात, फेब्रुवारीत गोन्सालोचा सण असतो. रविवारी निघणार असाल तर मिस्साची वेळ आणि मेगाब्लॉक दोन्ही आधी बघून घ्या.